नैराश्यातून सावरताना दूरध्वनीचा आधार
पुणे-लोणावळा लोकलमार्गावरील कासारवाडी स्थानकातून पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांतील कामगार पाळीपाळीने ये-जा करतात. रात्रपाळीच्या कामगाराची झोपेची वेळ हीच बहुधा रुग्णालयातील तपासणीची वेळ असते. त्यामुळे नैराश्यावरील उपचार अर्ध्यावर सुटण्याचा धोका असतो.

नैराश्य हा मनाचा दुबळेपणा नव्हे. तो उपचारांनी बरा होणारा आजार आहे. मात्र बरे वाटू लागल्यानंतरही औषधे साधारणपणे किमान सहा महिने घ्यावी लागतात. ती परस्पर थांबविल्यास आजार उलटण्याचा संभव असतो.

अशा वेळी 'टेली-मानस' ही शासकीय सेवा उपयोगी पडते. १० ऑक्टोबर २०२२ रोजी, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, ती सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र व विनामूल्य समुपदेशकाशी मराठीतून बोलता येते. गरजेनुसार तज्ज्ञांकडे पाठविले जाते. कारखान्यात कळेल, ही भीती अनेकांना गप्प ठेवते. परंतु मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ अन्वये रुग्णाला गोपनीयतेचा हक्क आहे.

दूरध्वनी हा उपचारांना पूरक होय. औषधांतील बदल डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावा. जीव नकोसा वाटल्यास मात्र क्षणभरही न थांबता हा क्रमांक फिरवावा आणि जवळच्या माणसाला सांगावे. 'आता बरा झालास, गोळ्या कशाला?' असे न म्हणता घरच्यांनी त्या वेळेवर दिल्या, तर सावरणे सोपे जाते.