साखरेसोबत गेलेलं पाणी कुणाच्या खात्यावर?

धाराशिव जिल्ह्यात परंड्याच्या किंवा कळंबच्या शिवारात उसाला पाणी चालू दिसलं की लोक म्हणतात, ‘बघा, जिल्ह्याचं पाणी संपवतोय.’ पाणी शेतकऱ्यानं उपसलं हे खरंच, पण सगळं त्याच्याच नावावर मांडणं हा पहिला गैरसमज.

एक किलो साखरेमागे साधारण 1500 ते 2000 लिटर पाणी धरतात. 2021-22च्या हंगामात भारतातून सुमारे 110 लाख टन साखर बाहेर गेली. किलोला 1500 लिटर धरून गुणाकार केला, तर उत्तर 580 टीएमसीच्या आसपास येतं. जायकवाडी पाच वेळा काठोकाठ भरून वर उरेल एवढं. हे पाणी ज्यानं परदेशात चहात साखर घातली, त्याच्या खात्यावर लिहायचं, ही शेवटच्या गिऱ्हाइकावर बोजा टाकणाऱ्या हिशेबाची रीत. तिच्या मुळाशी आहेत अर्थतज्ज्ञ वॅसिली लिऑन्टिफ. त्यांनी 1936 साली कोणता उद्योग कोणाकडून किती माल घेतो याचा तक्ता मांडला. असे देशोदेशींचे तक्ते व्यापाराच्या आकड्यांनी जोडायचे, प्रत्येक उद्योगापुढं पाणी, जमीन, कार्बन लिहायचा आणि शेवटच्या गिऱ्हाइकापर्यंत माग काढायचा.

मग आपण फक्त देणारे आणि सोसणारे? तसंही नाही. जिल्ह्यात सोयाबीन उदंड पिकतं. क्विंटलभर दाण्यातून तेल निघतं जेमतेम 18 किलो, बाकी बहुतेक पेंड. ती कोंबड्यांना जाते, काही परदेशी जाते. खाद्यतेलाच्या गरजेपैकी निम्म्याहून अधिक तेल मात्र देश बाहेरून आणतो. इंडोनेशिया-मलेशियाचं पामतेल, अर्जेंटिना-ब्राझीलचं सोयातेल. सुमात्रा-बोर्निओत तेलताडासाठी जंगल तुटलं, तर त्याचा एक वाटा तुळजापुरातल्या भज्यांच्या कढईवरही पडतो. हा हिशेब दुधारी आहे, हे आपल्याकडं सोयीस्कर विसरलं जातं.

लांबून आलं म्हणजे धूर जास्त, हेही सरसकट खरं नव्हे. जगभरच्या अन्नाच्या एकूण उत्सर्जनात वाहतुकीचा वाटा सुमारे 6 टक्केच आहे. जड पारडं शेताचं आणि जमिनीचं.

सगळ्यात घातक समजूत म्हणजे तक्त्यातला लिटरचा आकडा अचूक मानणं. त्यात शेतावर पडलेला पाऊसही मोजलेला असतो. वरच्या 580 टीएमसीतही तो आहे. ते सगळं काही धरणातून उचललेलं नाही. दुसरं, देशोदेशींचे तक्ते जोडणाऱ्या एक्झिओबेससारख्या नावाजलेल्या प्रारूपात 44 देश आणि उरलेल्या जगाचे 5 गट आहेत. भारत तिथं एकच. पंचगंगेकाठचा ऊस आणि धाराशिवात खोल बोअरवर जगवलेला ऊस एकाच सरासरीत जातो. पण पहिल्या ठिकाणचं लिटर नदीतलं, दुसऱ्या ठिकाणचं जमिनीच्या पोटातलं. पुढच्या पावसाळ्यात ते भरून येईलच असं नाही. एप्रिल 2016मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पिण्याचं पाणी आणावं लागलं, तेव्हा पाण्याची किंमत कोणत्या सरासरीत बसणार होती?

म्हणून प्रारूप मोडीत काढायचं कारण नाही, त्याला तालुक्याची माहिती पुरवायला हवी. ती फार लांब नाही. साखर कारखान्याच्या ऊसनोंदीत गाव, गट नंबर, लागणीची तारीख, जात, आडसाली की खोडवा, हे सगळं असतं. पाणी बोअरचं, विहिरीचं की कालव्याचं, ठिबक आहे की पाटपाणी, हेही कारखान्यांनी त्यातच टिपावं आणि गाळप हंगाम संपला की तालुकावार जाहीर करावं.