मेंडोझा, डॅनियल
मेंडोझा, डॅनियल : (सु. १७६४–३ सप्टेंबर १८३६). उघड्या मुठींनी खेळल्या जाणाऱ्या मुष्टियुद्धातील इंग्लंडचा विख्यात विजेता. जन्म लंडनच्या ऑल्डगेट भागात, स्पेन-पोर्तुगालमधून आलेल्या ज्यूंच्या वंशातील एका सामान्य कुटुंबात. काचकाम करणारा कारागीर, भाजीविक्रेता, चहाचा व्यापारी अशा अनेकांकडे त्याने उमेदवारी व नोकऱ्या केल्या. चहाच्या दुकानात असताना एका हमालाशी त्याची झुंज झाली. त्या वेळी त्याचा साहाय्यक म्हणून उभा राहिलेला रिचर्ड हंफ्रीझ हाच पुढे त्याचा कट्टर प्रतिस्पर्धी ठरला.

त्या काळी ब्रॉटनच्या १७४३ च्या नियमांनुसार झुंजी होत. एक जण खाली पडला म्हणजे फेरी संपे व अर्ध्या मिनिटात पुन्हा उभे राहावे लागे. वजनगट नव्हते. जागच्या जागी उभे राहून ठोसे देण्याघेण्यात मर्दपणा मानला जाई व धिप्पाड शरीराचाच वरचष्मा राही. मेंडोझाची उंची सु. १७० सेंमी. आणि वजन सु. ७३ किग्रॅ. एवढेच होते. साहजिकच त्याने बचावावर भर दिला : चपळ पदन्यास, बाजूला सरकून ठोसा चुकविणे, हातांनी तो अडविणे व डाव्या हाताचा सरळ ठोसा. या पद्धतीची भ्याडपणा म्हणून हेटाळणीही झाली. तथापि बलापेक्षा कौशल्य श्रेष्ठ ठरू शकते, हे तिनेच प्रेक्षकांना पटविले. १७८९ मध्ये त्याने द आर्ट ऑफ बॉक्सिंग हे पुस्तक प्रसिद्ध केले आणि लंडनमध्ये शिकवणीवर्गही चालविले.

हंफ्रीझबरोबरच्या तीन लढती विशेष गाजल्या. ओडियम येथील पहिलीत (९ जानेवारी १७८८) हंफ्रीझच्या साहाय्यकाने मध्ये पडून मेंडोझाचा ठोसा अडविला; पुढे पाय घसरून दुखापत झाल्याने मेंडोझा हरला. यावरून दोघांचा वृत्तपत्रांतून जाहीर वाद रंगला. स्टिल्टन (१७८९) व डॉनकॅस्टर (१७९०) येथे मात्र मेंडोझाच विजयी झाला. १७९२ मध्ये बिल वॉरचा पराभव केल्यावर तो इंग्लंडचा विजेता मानला गेला. १५ एप्रिल १७९५ रोजी हॉर्नचर्च येथे उंच व वजनदार जॉन जॅक्सनने त्याचे लांब केस एका हाताने धरून दुसऱ्या हाताने प्रहार केले. नियमांत कमरेखाली धरण्यास मनाई होती, केसांचा उल्लेख नव्हता. पंचांनी ही कृती ग्राह्य मानली व मेंडोझाचे विजेतेपद गेले.

रस्त्यांवर ज्यूंना उघडपणे छळले जाई, अशा काळात त्याने हे यश मिळविले. मेंडोझाकडून व त्याच्या शिष्यांकडून ज्यू तरुण मुष्टियुद्ध शिकू लागल्यावर हे प्रकार कमी झाले, असे फ्रान्सिस प्लेस या समकालीन सुधारकाने नमूद केले आहे. हा लौकिक त्याला सर्वस्वी टिकविता आला नाही. १८०९ मध्ये कॉव्हेंट गार्डन नाट्यगृहाच्या तिकिटांच्या दरवाढीविरुद्ध दंगली झाल्या, तेव्हा व्यवस्थापनाने प्रेक्षकांना आवरण्यासाठी त्याला व त्याच्या सोबत्यांना भाड्याने नेमले. यामुळे सामान्य जनतेचा रोष तर त्याने ओढवून घेतलाच. पण ज्यूद्वेषी घोषणांनाही निमित्त मिळाले.

मेंडोझा कमालीचा खर्चिक होता व कर्जापायी त्याला तुरुंगवासही घडला. मद्यगृह चालविणे, प्रात्यक्षिकांचे दौरे अशी कामे त्याने केली. १८१६ मध्ये त्याचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. १८२० मध्ये, पन्नाशी उलटल्यावर, बॅन्स्टेड येथे टॉम ओवेनविरुद्ध तो अखेरची झुंज खेळला व हरला. लंडन येथे निर्धनावस्थेत तो निधन पावला.