यंत्ररथाच्या दृष्टीची पारख

किराणा दुकानातील तराजू कितीही लखलखीत दिसला, तरी त्याची दोन्ही पारडी रिकामी असताना समतोल राहतात की नाही, हे पाहिल्यावाचून त्याच्या मापावर विश्वास ठेवता येत नाही. एक पारडे थोडे जड असेल, तर तराजूच्या त्या दोषाला ‘पासंग’ म्हणतात. पासंग असलेला तराजू एखादे वेळीच चुकतो असे नाही. तो प्रत्येक वेळी चुकतो आणि एकाच बाजूस चुकतो. मोजमापाच्या बहुतेक साधनांत असा काही ना काही पासंग असतोच. तो शोधून काढणे, त्याचे प्रमाण ठरविणे आणि त्याप्रमाणे पुढील प्रत्येक माप सुधारून घेणे, या क्रियेस शास्त्रीय भाषेत ‘अंशशोधन’ म्हणतात.

चालकावाचून धावणारी गाडी ही आपल्या काळातील एक नवलाची वस्तू होय. तिला डोळे नसतात. पुढील वाट पाहण्यासाठी तिच्यावर अंतर मोजणारी लेसर यंत्रे बसविलेली असतात. १९६० साली अमेरिकेत थिओडोर मेमन या शास्त्रज्ञाने पहिला लेसर निर्माण केला. लेसरचा प्रकाश फार थोडा पसरतो. म्हणून तो दूरवरच्या एखाद्या बिंदूवर नेमका टाकता येतो. डोंगराच्या कड्यासमोर उभे राहून हाक मारली, तर काही क्षणांनी तिचा प्रतिध्वनी ऐकू येतो. लागलेल्या वेळावरून कड्याचे अंतर काढता येते. लेसर यंत्राचे तत्त्वही हेच. ते प्रकाशाचा एक अत्यल्प काळ टिकणारा झोत सोडते आणि तो समोरच्या वस्तूवर आपटून परत येण्यास किती वेळ लागला, हे मोजते.

परंतु ध्वनी आणि प्रकाश यांच्या वेगांत महदंतर आहे. प्रकाश एका सेकंदात सुमारे ३ लक्ष किलोमीटर जातो. म्हणजे सेकंदाच्या एक अब्जांश भागात तो सुमारे ३० सेंटिमीटर अंतर तोडतो. जाणे व येणे असा दुहेरी प्रवास धरला, तर यंत्राच्या घड्याळात एवढ्या सूक्ष्म काळाची चूक झाली, तरी अंतरात १५ सेंटिमीटरांचा फरक पडतो. म्हणून पहिली पारख अंतराची करावी लागते. यंत्रासमोर एक सपाट फळी उभी करतात, आणि तिचे अंतर फितीने काळजीपूर्वक मोजून ठेवतात. नंतर यंत्राकडून तेच अंतर शेकडो वेळा मोजवून घेतात. ही मापे थोडीफार मागेपुढे होतात. त्यांची सरासरी काढली, म्हणजे अशा किरकोळ चुका बव्हंशी परस्परांना खोडून काढतात. पासंग मात्र सरासरीने जात नाही. समजा, खरे अंतर ५ मीटर असता सरासरी ५.०४ मीटर आली, १० मीटर असता १०.०४ आली आणि २० मीटर असता २०.०४ आली, तर यंत्र नेहमी ४ सेंटिमीटर अधिक सांगते, हे उघड झाले. पुढे प्रत्येक मापातून ४ सेंटिमीटर वजा केले, की काम भागले. एकाच अंतरावर पारख करून मात्र भागत नाही. कारण अंतराबरोबर पासंगही बदलतो की काय, हे त्यावरून कळत नाही. काळ्या आणि पांढऱ्या पृष्ठभागांवरून प्रकाश सारखा परतत नाही. म्हणून निरनिराळ्या रंगांच्या फळ्याही वापरून पाहतात.

अंतर अचूक आले, तरी ते कोणत्या दिशेचे आहे, हा प्रश्न उरतोच. गवंडी भिंत बांधताना केवळ डोळ्यावर विसंबत नाही. तो ओळंबा सोडून पाहतो. कारण पायाशी केसभर असलेला कल वरच्या मजल्यावर वीतभर होतो. लेसर किरणाचेही तसेच आहे. यंत्र बसविताना कोनात एका अंशाची चूक झाली, तर २० मीटर अंतरावर किरण सुमारे ३५ सेंटिमीटर वर किंवा खाली जातो. किरण समजुतीपेक्षा खाली झुकलेला असला, तर सपाट जमीन गाडीला ३५ सेंटिमीटर उंचवट्यासारखी भासते आणि ती विनाकारण थांबते. तो समजुतीपेक्षा वर उचललेला असला, तर तेवढ्याच उंचीचा खरा दगड तिला सपाट जमिनीसारखा वाटतो, आणि ती त्यावर जाऊन आदळते. हा दोष ओळखण्याची एक साधी रीत आहे. एकाच खांबाकडे गाडी अनेक जागांवरून ‘पाहते’. खांब तर जागचा हलत नाही. मग गाडीने काढलेल्या नकाशात तो दोन ठिकाणी उमटला, तर दोष खांबाचा नव्हे, दृष्टीचा. सर्व ठिकाणांहून पाहिलेला खांब नकाशात एकाच जागी येईपर्यंत कोनाचे आकडे सुधारीत जातात.

या पारखीचे महत्त्व एका शर्यतीत जगाला दिसून आले. अमेरिकेच्या संरक्षण खात्यातील ‘डार्पा’ या संशोधन संस्थेने मार्च २००४ मध्ये मोहावी वाळवंटात चालकविरहित गाड्यांची शर्यत भरविली. दोनशे किलोमीटरांहून लांब वाटेपैकी सर्वांत पुढे गेलेली गाडीही सुमारे १२ किलोमीटरच जाऊ शकली. ८ ऑक्टोबर २००५ रोजी पुन्हा शर्यत झाली. त्या वेळी स्टॅनफर्ड विद्यापीठात सेबास्टियन थ्रुन यांच्या नेतृत्वाखाली सिद्ध झालेल्या ‘स्टॅनली’ या गाडीने सुमारे २१२ किलोमीटरांची वाट ६ तास ५४ मिनिटांत पार करून २० लक्ष डॉलरांचे पारितोषिक जिंकले. दुसरी आलेली गाडी तिच्या मागे अवघी ११ मिनिटे होती.

स्टॅनलीच्या छतावर पाच लेसर यंत्रे निरनिराळ्या कोनांत खाली झुकवून बसविली होती. खडबडीत वाटेवर गाडी डोलू लागली, की किरणांचा कोन क्षणोक्षणी बदले. या डोलण्याच्या मापात थोडी जरी चूक झाली, तरी सपाट वाटेवर खोटे अडथळे दिसू लागत. यावर शास्त्रज्ञांनी एक मार्मिक उपाय योजिला. त्यांनी प्रथम माणसाच्या हाती सुकाणू देऊन गाडी चालविली. ज्या भूमीवरून चाके सुखरूप गेली, ती भूमी वाटचालीस योग्य, यात संशय कसला? त्या भूमीवर यंत्राने जेथे अडथळे सांगितले होते, तेथे यंत्रच चुकले होते. या पडताळ्यावरून संगणकाने आपल्या निर्णयाचे आकडे सुधारून घेतले. अशा रीतीने प्रत्यक्ष वाटच यंत्राची परीक्षक बनली.

आज अशा गाड्या जगातील काही शहरांत उतारूंची ने-आण करतात. तेथे चुकीच्या मापाने पारितोषिक नव्हे, तर वाटेने जाणाऱ्या एखाद्या मुलाचे प्राण जाऊ शकतात. शिवाय एकदा केलेली पारख कायमची टिकत नाही. हादऱ्यांनी खिळे सैल होतात, उष्णतेने धातू प्रसरण पावतो, एखाद्या धक्क्याने यंत्र किंचित फिरते. म्हणून पारख पुनःपुन्हा करावी लागते. आपण जे पाहिले ते खरेच आहे, असे मानून चालणाऱ्या यंत्रापेक्षा, आपली दृष्टी वेळोवेळी तपासून घेणारे यंत्रच अधिक विश्वासास पात्र ठरते.