कंट्रोलर खाली ठेवल्यावर

व्हिडिओ गेममधले पात्र खेळणाऱ्याच्या हुकमाने चालते. बटण दाबले की ते उडी मारते, चुकले की मरते आणि पुन्हा सुरुवातीला येऊन उभे राहते. अ‍ॅनिमेशनमधले पात्र प्रेक्षकाला काही विचारत नाही. ते कुठे वळणार, कोणाला वाचवणार, कशात हरणार, हे सारे आधीच ठरलेले असते. त्यामुळे गेमवरून मालिका किंवा चित्रपट करणाऱ्यांपुढे एक मूलभूत पेच असतो: खेळणाऱ्याच्या हातातली सत्ता काढून घेतल्यावर तिच्या जागी त्याला द्यायचे काय? गेल्या चार दशकांत या पेचाची अनेक उत्तरे दिली गेली. त्यांतल्या उत्तम कलाकृतींमध्ये एक धागा समान दिसतो. त्यांनी गेमचे नियम नीट ओळखले आणि त्या नियमांची किंमत पात्रांना मोजायला लावली.

ठिपक्यांतून घडलेले स्वभाव

गेम आणि कार्टून यांच्यातली देवाणघेवाण पहिल्यापासूनच दोन्ही बाजूंनी झाली. ऐंशीच्या दशकाच्या आरंभी निन्टेन्डो या जपानी कंपनीला पॉपाय या अमेरिकी कार्टूनवर गेम करायचा होता. हक्क मिळाले नाहीत, तेव्हा शिगेरू मियामोतो यांनी पॉपाय, ऑलिव्ह आणि ब्लूटो या त्रिकुटाच्या जागी एक सुतार, एक तरुणी आणि एक दांडगा वानर आणला. १९८१ मध्ये ‘डाँकी काँग’ या नावाने तो गेम आला आणि त्यातला उड्या मारणारा सुतार पुढे मारिओ म्हणून जगाला माहीत झाला. त्याचे रूप तंत्राच्या मर्यादेतून घडले. पडद्यावर त्याच्या वाट्याला मोजकेच ठिपके होते. त्यांत तोंड दाखवता येईना म्हणून नाकाखाली मिशी आली, केस काढणे अवघड म्हणून डोक्यावर टोपी आली आणि धावताना हात उठून दिसावेत म्हणून अंगात डंगरी आली.

त्याआधीच, १९८० च्या ‘पॅक-मॅन’मध्ये, तोरू इवातानी यांनी नुसत्या हालचालीतून स्वभाव उभे केले होते. भुलभुलैयात ठिपके गिळत पळणाऱ्या पिवळ्या गोळ्याच्या मागे चार भुते लागतात. चौघांचा आकार एकच, रंग तेवढे वेगळे; पण प्रत्येकाच्या चालीचा नियम निराळा. तांबडे ब्लिंकी थेट पाठलाग करते. गुलाबी पिंकी पॅक-मॅनच्या तोंडासमोरची जागा हेरून वाट अडवते. निळसर इंकी आपली दिशा ठरवताना ब्लिंकी कुठे आहे तेही पाहते. नारिंगी क्लाइड दुरून चाल करून येते आणि जवळ आले की काढता पाय घेते. कोणीही चकार शब्द बोलत नाही, तरी थोडा वेळ खेळले की एक चिवट, एक कावेबाज, एक कचखाऊ अशी ओळख पटू लागते. काही टप्पे पार केल्यावर याच गेममध्ये पॅक-मॅन आणि भुतांची छोटी विनोदी दृश्ये येतात आणि तेवढा वेळ खेळणारा प्रेक्षक होतो.

१९८२ मध्ये हॅना-बार्बेरा स्टुडिओने पॅक-मॅनवर मालिका काढली. व्हिडिओ गेमवर आधारलेली ही पहिली कार्टून मालिका. तिच्यात पॅक-मॅनला बायको, मूल, घरदार आणि एक खलनायक मिळाला. पण पुढच्या वळणावर कोण उभे असेल ही धास्ती तिच्यात उतरली नाही. त्या काळातल्या अनेक मालिकांची रीत हीच होती. गेमकडून नाव आणि चेहरा घ्यायचा आणि गोष्ट नेहमीच्या कार्टूनची सांगायची.

पिकाचूचा फेरा

हे चित्र पालटले ते पोकेमॉनने. सातोशी ताजिरी यांना लहानपणी टोकियोच्या उपनगरात किडे गोळा करायचा नाद होता. हातात धरून खेळायची दोन गेम बॉय यंत्रे जोडणारी केबल पाहून त्यांच्या मनात आले की तिच्यावरून किडे एका यंत्रातून दुसऱ्यात जाऊ शकतील. त्या कल्पनेतून वाढलेले ‘रेड’ आणि ‘ग्रीन’ हे गेम फेब्रुवारी १९९६ मध्ये जपानमध्ये आले. त्यांत १५१ प्राणी होते, पण सगळे एकाच गेममध्ये मिळत नसत. संग्रह पुरा करायचा तर दुसऱ्या कोणाशी अदलाबदल करणे भागच होते. मैत्रीची गरज अशी खेळाच्या नियमातच विणलेली होती.

१ एप्रिल १९९७ रोजी जपानी दूरचित्रवाणीवर मालिका सुरू झाली. गेमच्या आरंभी खेळाडू बल्बासॉर, चारमँडर आणि स्क्वर्टल यांच्यातून एक सोबती निवडतो. मालिकेचा नायक अ‍ॅश याला त्या दिवशी उशिरा जाग येते, तिन्ही पोकेमॉन दुसऱ्यांनी नेलेले असतात आणि त्याच्या पदरी पडतो तो कोणाचे न ऐकणारा पिकाचू. प्रेक्षकाला निवड करू देणे शक्य नव्हते. म्हणून लेखकांनी निवडीची संधी हुकण्यातूनच गोष्ट सुरू केली. गेममध्ये पकडलेला प्राणी सोडून देणे म्हणजे यादीतला एक पर्याय दाबणे. मालिकेच्या २१ व्या भागात अ‍ॅश आपल्या बटरफ्रीला जोडीदारासोबत दूर जाऊ देतो. सुरवंट असताना त्याने स्वतः पकडलेला तो पहिला पोकेमॉन. त्यामुळे गेममधली ती कोरडी कृती इथे निरोप होते आणि लहान मुलांना पहिल्यांदा विरह दाखवते.

मग फेरा उलटा फिरला. १९९८ च्या ‘पोकेमॉन यलो’मध्ये सुरुवातीचा सोबती म्हणून पिकाचूच मिळू लागला. मालिकेतल्याप्रमाणे तो पोकेमॉन ठेवायच्या चेंडूत बंद व्हायला नकार देतो आणि खेळाडूच्या मागे मागे चालतो. खेळाडू त्याच्याशी कसा वागतो यावर त्याची मर्जी ठरते. गेमने मालिकेला जग दिले आणि मालिकेने गेमला जिव्हाळा परत केला. भारतात २००३ मध्ये ही मालिका कार्टून नेटवर्कवर हिंदीत आली. महाराष्ट्रातल्याही पुष्कळ मुलांना पिकाचू भेटला तो टीव्हीच्या पडद्यावरच. गेम त्यांच्या हाती पडला असेल तर तो नंतर.

हुबेहूब चेहरे, हरवलेली ओळख

केवळ तंत्राच्या बळावर हे साधत नाही, याचा धडा २००१ मध्ये मिळाला. ‘फायनल फँटसी’ या गाजलेल्या गेममालेचे जनक हिरोनोबू साकागुची यांनी ‘फायनल फँटसी: द स्पिरिट्स विदिन’ हा संगणकावर घडवलेला चित्रपट आणला. खऱ्या माणसांसारखी दिसणारी पात्रे हे त्याचे मोठे आकर्षण होते. नायिका आकी रॉसच्या केसांची बट न् बट हलताना दिसे. सुमारे १३ कोटी ७० लाख डॉलर खर्चून केलेल्या या चित्रपटाने जगभरात साधारण ८ कोटी ५० लाख डॉलरच कमावले आणि तो करणारा स्टुडिओ बंद पडला. गेमच्या चाहत्यांना ओळखीचे वाटावे असे त्यात फारच थोडे होते. सोबत्यांचा जथा जमवत जग पालथे घालायचे, एकेक शक्ती शिकत जायची, चोकोबो पक्ष्यावर बसून माळरान तुडवायचे, हा त्या गेमचा जीव होता. तो मागे राहिला आणि नाव तेवढे पडद्यावर आले.

चाबूक आणि शोक

कोनामी कंपनीच्या ‘कॅसलव्हेनिया’ मालेतल्या १९८९ च्या तिसऱ्या गेममध्ये ट्रेव्हर बेलमाँट चाबूक घेऊन ड्रॅक्युलाच्या गढीकडे निघतो. वाटेत त्याला सोबती भेटतात, पण एका वेळी एकालाच बरोबर घेता येते. २०१७ मध्ये नेटफ्लिक्सवर आलेल्या मालिकेने ट्रेव्हर, जादूगार सायफा आणि ड्रॅक्युलाचा मुलगा अ‍ॅल्युकार्ड यांना एकत्र आणले. वॉरन एलिस यांचे लेखन, टेक्सासमधल्या पॉवरहाऊस अ‍ॅनिमेशनचे चित्रण आणि कोलकात्यात जन्मलेले आदी शंकर हे एक निर्माते, असा तिचा संच होता. पहिले पर्व अवघ्या चार भागांचे होते. २०२१ पर्यंत चार पर्वे झाली.

जुन्या गेममध्ये ड्रॅक्युला हा शेवटचा अडथळा असतो. मालिका त्याच्या दुःखापासून सुरू होते. त्याची पत्नी लिसा रोग्यांवर उपचार करणारी विदुषी. तिला चेटकीण ठरवून जाळले जाते आणि तो साऱ्या मानवजातीवर उलटतो. लिसाच्या मृत्यूचा धागा १९९७ च्या ‘सिम्फनी ऑफ द नाइट’ या गेममध्ये होता. मालिकेने त्यावर सगळी इमारत उभी केली. गेमचा हातही तिने सोडला नाही. चाबूक कुठवर पोचतो, तो परत यायला किती वेळ लागतो, याचे खेळाडूला अंगवळणी पडलेले भान तिच्या लढायांत पुरेपूर उतरले आहे. दुसऱ्या पर्वातल्या मोठ्या लढाईत १९८७ च्या गेममधली ‘ब्लडी टिअर्स’ ही धून वाजू लागते, तेव्हा जुन्या खेळाडूंच्या अंगावर काटा येतो.

चार सेकंदांची किंमत

‘लीग ऑफ लेजंड्स’ (२००९) या गेममध्ये सांगण्याजोगे कथानक जवळपास नाहीच. पाच-पाच जणांचे दोन संघ एका मैदानावर उतरतात आणि प्रतिस्पर्ध्याचा तळ उद्ध्वस्त करणारा जिंकतो. पात्रे दीडशेहून अधिक. पण लढत चालू असताना त्यांची ओळख शस्त्रे, कौशल्ये आणि दोन-चार तोंडी वाक्ये यांपलीकडे जात नाही. त्यातून हा गेम बनवणाऱ्या रायट गेम्सचे ख्रिश्चन लिंके आणि अ‍ॅलेक्स यी यांनी पॅरिसच्या फोर्टिश स्टुडिओच्या साथीने ‘आर्केन’ घडवली. २०२१ आणि २०२४ मध्ये नऊ-नऊ भागांची दोन पर्वे आली. त्रिमितीय पात्रांवर कुंचल्याने रंगवल्यासारखे पोत, रंगवलेली पार्श्वभूमी, धूर आणि ठिणग्या हाताने काढलेल्या, अशी तिची शैली आहे. २०२२ मध्ये तिला सर्वोत्कृष्ट अ‍ॅनिमेशन कार्यक्रमाचा एमी पुरस्कार मिळाला. स्ट्रीमिंगवरच्या मालिकेला या विभागात मिळालेला हा पहिलाच.

‘आर्केन’ने गेममधल्या प्रत्येक खुणेमागे एक इतिहास ठेवला. गेममधली जिंक्स स्फोटकांशी खेळत खदखदून हसते. मालिकेत ती आधी पावडर नावाची भेदरलेली मुलगी असते, बहिणीच्या मदतीला बाँब घेऊन धावते आणि आपल्याच माणसांचा जीव घेऊन बसते. ‘जिंक्स’, म्हणजे अवलक्षणी, हा टोमणा रागाच्या भरात सख्ख्या बहिणीच्या तोंडून येतो आणि तेच तिचे नाव होऊन बसते. तिची बहीण व्हाय हिचे अजस्र पोलादी पंजे मुळात खाणकामगारांसाठी बनवलेले असतात.

एक्को या तरुणाच्या बाबतीत तर नियमाचेच नाट्य झाले आहे. गेममध्ये त्याचे सर्वांत मोठे कौशल्य म्हणजे चार सेकंदांपूर्वी जिथे होता तिथे परत जाणे. खेळाडू ते जीव वाचवायला वापरतो. मालिकेत एक्को तसे यंत्र बनवतो आणि त्याची मर्यादाही तीच राहते. शेवटच्या भागात जगणे नकोशा झालेल्या जिंक्सला थांबवायला तो येतो. प्रयत्न फसतो, तो काळ मागे नेतो, वेगळे शब्द वापरून पाहतो. पुन्हा फसतो, पुन्हा मागे जातो. हरल्यावर पुन्हा खेळायला बसणे ही प्रत्येक खेळाडूची सवय. इथे ती माया करणाऱ्या माणसाची चिकाटी होते.

शरीराने फेडलेले कर्ज

पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेडचा ‘सायबरपंक २०७७’ डिसेंबर २०२० मध्ये असंख्य तांत्रिक दोषांसह बाजारात आला. सोनीने तो आपल्या ऑनलाइन दुकानातून सहा महिने काढूनही टाकला होता. सप्टेंबर २०२२ मध्ये टोकियोच्या स्टुडिओ ट्रिगरने हिरोयुकी इमाइशी यांच्या दिग्दर्शनाखाली त्याच जगावर ‘एजरनर्स’ ही दहा भागांची मालिका आणली. गेममध्ये सँडेव्हिस्तान हे उपकरण शरीरात बसवले की भोवतीचा काळ संथ होतो. वापर झाला की थोडे थांबायचे आणि पुन्हा वापरायचे. मालिकेतल्या डेव्हिड मार्टिनेझला मात्र प्रत्येक वापराचे मोल द्यावे लागते. तो धावतो तेव्हा मागे रंगीत प्रतिमांची माळ उमटते, नाकातून रक्त येते आणि पुढे त्याचा मनावरचा ताबाही सुटत जातो. ही मालिका पाहून लाखो लोक गेमकडे वळले. कंपनीने त्यात डेव्हिडचे जाकीट ठेवले होतेच.

पडणारा मारिओ, कोलांट्या घेणारी राजी

मारिओवर १९९३ मध्ये निघालेला जिवंत नटांचा चित्रपट आपटला होता. इल्युमिनेशन स्टुडिओच्या २०२३ च्या अ‍ॅनिमेशनपटाने जगभरात १ अब्ज ३० कोटी डॉलरहून अधिक कमाई केली. त्याची गोष्ट साधी आहे, पण गेमची चाल त्याला नेमकी कळली आहे. ब्रुकलिनच्या रस्त्यावरून दोघे भाऊ धावत सुटतात, तेव्हा कॅमेरा जुन्या गेमप्रमाणे बाजूने सरकत जातो. राजकुमारी पीच मारिओला अडथळ्यांच्या मार्गावर सराव करायला लावते आणि तो परत परत कोसळतो. खेळायला शिकताना घरोघरी जे घडते, तेच पडद्यावर नायकाच्या वाट्याला येते.

अ‍ॅनिमेशनकडून गेमकडे येणारी वाटही वाहती आहे. कॅनडातला ‘कपहेड’ (२०१७) १९३० च्या दशकातल्या अमेरिकी कार्टूनच्या धर्तीवर हाताने चित्रे काढून केला गेला आणि २०२२ मध्ये त्याचीही मालिका झाली. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये ‘राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक’ आणला. त्यातले कथाप्रसंग छायाबाहुल्यांच्या रूपात उलगडतात. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर कलावंतांनी चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ जपला आहे, तीच ही जातकुळी. राक्षस भावाला पळवून नेतात आणि दुर्गेने दिलेला त्रिशूळ घेऊन राजी त्याला सोडवायला निघते. ती खेळ करून पोट भरणारी कसरतपटू आहे. म्हणून खांबावर गरगर फिरणे, भिंतीवरून धावणे, कोलांटी घेऊन वार करणे हे सारे तिच्या लढण्यात सहज येते. या गेमवर कधी मालिका करायची झाली, तर सुरुवात त्या कोलांट्यांपासून करता येईल. राजी कोण आहे हे त्यांतूनच सर्वांत स्पष्ट दिसते.