ई-कॅश (बिटकॉइन)

ई-कॅश ही अंध स्वाक्षरी या गूढलेखन तंत्रावर आधारलेली डिजिटल रोखीची पद्धत होय. बिटकॉइनच्या संदर्भात, ठेव म्हणून घेतलेल्या बिटकॉइनच्या बदल्यात एखाद्या संस्थेने किंवा गटाने दिलेल्या टोकनांना ई-कॅश म्हणतात. टोकन ज्याच्या हाती, तो त्याचा धनी असतो. टोकने देणाऱ्या सेवेला टांकसाळ असे संबोधले जाते. या पद्धतीत व्यवहाराची गोपनीयता चांगली राखली जाते. मात्र ठेवीच्या सुरक्षिततेसाठी टांकसाळीवर विश्वास ठेवावा लागतो. त्यामुळे ती बिटकॉइनच्या इतर देयकपद्धतींना पर्याय म्हणून नव्हे, तर त्यांच्या जोडीने वापरून पाहावी, असे तिच्या समर्थकांचे म्हणणे आहे.

इतिहास

अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड चॉम यांनी १९८२ मध्ये अंध स्वाक्षरीची कल्पना मांडली. तिच्या आधारे त्यांनी ॲमस्टरडॅम येथे डिजिकॅश ही कंपनी स्थापन केली. १९९५ मध्ये अमेरिकेतील मार्क ट्वेन बँकेने ही पद्धत ग्राहकांना उपलब्ध करून दिली. परंतु पुरेसे ग्राहक व दुकानदार न मिळाल्याने १९९८ मध्ये डिजिकॅशचे दिवाळे निघाले. १९९६ मध्ये डेव्हिड वॅग्नर यांनी अंध स्वाक्षरीची एक वेगळी रीत सुचवली. २०२२ मध्ये सुरू झालेला कॅशू हा मुक्तस्रोत प्रकल्प त्याच रीतीवर आधारलेला आहे. फेडिमिंट या दुसऱ्या प्रकल्पात टांकसाळ एका व्यक्तीऐवजी अनेक विश्वस्तांचा गट चालवतो.

कार्यपद्धती

चॉम यांनी अंध स्वाक्षरी समजावण्यासाठी कार्बन कागदाचे अस्तर असलेल्या लिफाफ्याचे उदाहरण दिले होते. ग्राहक कोऱ्या चिठ्ठीवर एक गुप्त क्रमांक लिहून ती लिफाफ्यात बंद करतो. टांकसाळ लिफाफ्यावर बाहेरून सही करते व ती सही कार्बनमुळे आतील चिठ्ठीवर उमटते. ग्राहक लिफाफा फाडून सही झालेली चिठ्ठी काढून घेतो. चिठ्ठी पुढे वटवण्यासाठी आली, की टांकसाळीला आपली सही ओळखता येते. पण ती कोणाला दिली होती, हे सांगता येत नाही. प्रत्यक्षात लिफाफ्याचे काम गणिती प्रक्रिया करते.

एकच टोकन दोनदा वापरले जाऊ नये म्हणून टांकसाळ वटलेल्या गुप्त क्रमांकांची यादी ठेवते. टोकन स्वीकारणारा ते लगेच टांकसाळीकडे देऊन त्याऐवजी नवे टोकन घेतो. टोकनांची मूल्ये सामान्यतः १, २, ४, ८ अशा दुपटीने वाढतात. त्यामुळे १३ सातोशी द्यायचे असल्यास ८, ४ व १ ही तीन टोकने पुरतात. (१ बिटकॉइन म्हणजे १० कोटी सातोशी.)

इतर पद्धतींशी तुलना

बिटकॉइनच्या मूळ साखळीवर सरासरी दर १० मिनिटांनी एक खंड जोडला जातो आणि प्रत्येक व्यवहार सर्वांना पाहता येतो. लहान रकमेसाठी तेथील शुल्क अनेकदा परवडत नाही. जोसेफ पून व थॅडियस ड्रायजा यांनी मांडलेल्या लाइटनिंग जाळ्यात व्यवहार काही क्षणांत पूर्ण होतो व पैसा वापरकर्त्याच्याच ताब्यात राहतो. मात्र त्यासाठी वाहिनी उघडणे आणि तीत पुरेशी रक्कम गुंतवून ठेवणे आवश्यक असते. ई-कॅशच्या वापरकर्त्याला वाहिनी लागत नाही. टांकसाळ स्वतः लाइटनिंगशी जोडलेली असल्याने तो दुसऱ्या टांकसाळीच्या ग्राहकालाही पैसे पाठवू शकतो. म्हणजेच ई-कॅश लाइटनिंगवर अवलंबून आहे आणि लाइटनिंग मूळ साखळीवर.

वऱ्हाडातील हुंडीशी तुलना

विश्वासावर चालणाऱ्या खाजगी पतपत्राचे वऱ्हाडातील जुने उदाहरण म्हणजे हुंडी. अमरावती, अकोला व खामगाव येथील कापसाच्या व्यापारात रोख रक्कम दूर नेण्याऐवजी पेढ्यांच्या हुंड्या चालत. दाखवताच वटणारी ती दर्शनी हुंडी व ठरावीक दिवसांनी वटणारी ती मुदती हुंडी. हुंडी गहाळ झाल्यास 'पेठ' नावाची दुसरी प्रत देण्याची रीत होती. ई-कॅशचे टोकन मात्र राखीव प्रत नसताना हरवले, तर ते परत मिळत नाही. हुंडीवर नावे असत, टोकनावर ती नसतात.

विश्वास कोठे ठेवला जातो, हे तारापूरच्या पेस्तनजी व विकाजी मेहेरजी या पारशी बंधूंच्या पेढीच्या इतिहासावरून स्पष्ट होते. या पेढीने १९व्या शतकाच्या पूर्वार्धात वऱ्हाडातील कापूस मुंबईस पाठवला आणि निजाम सरकारला मोठी कर्जे दिली. त्यांच्या फेडीपोटी वऱ्हाडातील काही मुलखाचा महसूल पेढीकडे लावून दिलेला होता. औरंगाबादच्या टांकसाळीत पेढीने पाडलेले रुपये 'पेस्तनशाही' म्हणून ओळखले जात. १८४०च्या दशकात निजाम सरकारने तो मुलूख परत घेतला, कर्ज थकले आणि पेढी बुडाली. पेस्तनशाही रुपयात चांदी होती. त्यामुळे पेढी बुडाल्यावरही धारकाच्या हाती धातू उरला. पेढीकडून येणे असलेल्या रकमेला असा आधार नव्हता. स्वतःच्या ताब्यातील बिटकॉइन आणि ई-कॅशचे टोकन यांतील भेद याच स्वरूपाचा आहे.

प्रयोगाची बाजू व आक्षेप

समर्थकांच्या मते, बहुसंख्य नवे वापरकर्ते आपले बिटकॉइन एखाद्या कंपनीकडेच ठेवतात आणि त्या कंपनीला त्यांचा प्रत्येक व्यवहार दिसतो. विश्वास ठेवायचाच असेल, तर निदान गोपनीयता राखणाऱ्या टांकसाळीवर ठेवावा, असा त्यांचा युक्तिवाद आहे. ई-कॅशमध्ये खिशातील सुट्या पैशांएवढीच रक्कम ठेवावी व बचत स्वतःच्या किल्लीखाली राखावी, असेही ते सुचवतात.

यावर आक्षेप असा, की टांकसाळचालक ठेवी घेऊन पसार होऊ शकतो किंवा ठेवींपेक्षा अधिक टोकने काढू शकतो. ज्या गोपनीयतेमुळे ग्राहकाचे रक्षण होते, तिच्यामुळेच एकूण टोकनांची बाहेरून मोजदाद करणे अवघड जाते. फेडिमिंटमधील विश्वस्तगटामुळे ही जोखीम विभागली जाते, पण नाहीशी होत नाही. चार विश्वस्तांचा गट एकाची अप्रामाणिकता सोसू शकतो, दोघांची नाही.

भारतातील स्थिती

भारतात बिटकॉइन वैध चलन नाही. त्याच्याशी संबंधित सेवा देण्यास बँकांना मनाई करणारे रिझर्व्ह बँकेचे ६ एप्रिल २०१८ चे परिपत्रक सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी रद्द ठरवले. १ एप्रिल २०२२ पासून आभासी मालमत्तेच्या हस्तांतरणातील नफ्यावर ३० टक्के कर लागू झाला. रिझर्व्ह बँक अधिनियम, १९३४ च्या कलम ३१ नुसार, मागताच वाहकास पैसे देय असलेली हुंडी किंवा वचनपत्र काढण्यास खाजगी व्यक्तींना मनाई आहे. बिटकॉइनच्या बदल्यात दिलेली टोकने या कलमाच्या कक्षेत येतात का, हा टांकसाळ चालवू इच्छिणाऱ्यांपुढील महत्त्वाचा प्रश्न आहे. रिझर्व्ह बँकेने १ डिसेंबर २०२२ रोजी सर्वसामान्यांसाठी ई-रुपयाचा प्रायोगिक वापर सुरू केला. त्यातही टोकने वापरली जातात. मात्र ती मध्यवर्ती बँकेचे देणे असल्याने वैध चलन ठरतात.