दृष्टिहीन वाचक आणि संगणकावरील मराठी

दृष्टिहीन वाचकास संगणकावरील मजकूर ऐकवून दाखविणाऱ्या आज्ञावलीस ‘स्क्रीन रीडर’ म्हणतात. ही आज्ञावली सामान्यतः अक्षराची आकृती पाहत नाही. आकृतीमागे साठविलेला संकेतांक वाचते. या एका गोष्टीतून मराठीपुरते तीन प्रश्न उद्भवतात.

पहिला प्रश्न संकेतांकांचा. युनिकोडपूर्व अनेक फॉन्टांत देवनागरी आकृत्या रोमन अक्षरांच्या संकेतांकांवर बसविलेल्या असत. असा मजकूर डोळस वाचकास शुद्ध मराठी दिसतो. दृष्टिहीनाच्या कानी मात्र निरर्थक रोमन अक्षरे पडतात. युनिकोडने १९९१ साली देवनागरीस स्वतंत्र संकेतांक दिले. तथापि जुना मजकूर रूपांतरावाचून श्राव्य होत नाही.

दुसरा प्रश्न भाषानिर्देशाचा. मराठी, हिंदी, नेपाळी या भाषांची लिपी एकच असल्याने लिपीवरून भाषा ठरत नाही. म्हणूनच डब्ल्यू३सी या संस्थेच्या २००८ सालच्या सुगम्यताविषयक तत्त्वांत पृष्ठाची भाषा यंत्रास कळेल अशा रीतीने नोंदविणे ही अगदी प्राथमिक श्रेणीची अट आहे. हा निर्देश चुकल्यास मराठी वाक्य हिंदीच्या उच्चारनियमांनी वाचले जाण्याचा संभव असतो.

तिसरा प्रश्न खास भाषाविज्ञानाचा आहे. मराठीत च, ज, झ यांचे दंत्य व तालव्य असे दोन उच्चार आहेत; लेखनात हा भेद दर्शविला जात नाही. ‘चार गाई’ येथील च तालव्य, तर ‘गाईला गवत चार’ येथील दंत्य. ‘थोडेसे’ या अर्थाच्या ‘जरा’तील ज दंत्य, तर वार्धक्यवाचक ‘जरा’तील तालव्य. ब्रेल वाचणाराही डोळस वाचकाप्रमाणे योग्य उच्चार मनाशी ठरवितो. बोलणाऱ्या यंत्रास मात्र एक उच्चार निवडावाच लागतो. ती निवड शब्दाचे व्याकरण व संदर्भ जाणल्यावाचून अचूक होणार नाही.

दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या कायद्याने इलेक्ट्रॉनिक माध्यमांतील मजकूर सुगम्य असावा यासाठी उपाययोजना करण्याचे दायित्व शासनावर टाकले आहे. परंतु दंत्य-तालव्य भेद नोंदविणारा यंत्रोपयोगी उच्चारकोश कायद्याने निर्माण होत नाही. ते काम भाषेच्या अभ्यासकांचेच होय. प्रबंध युनिकोडमध्ये लिहिणे, त्यात भाषानिर्देश करणे आणि शीर्षके केवळ ठळक न करता शीर्षके म्हणूनच नोंदविणे, एवढे तर प्रत्येक संशोधकास आजही शक्य आहे. त्यावाचून आपले लेखन ज्ञानभांडारात जमा होईल, पण दृष्टिहीन सहाध्यायास ते स्वतंत्रपणे वाचता येणार नाही.