तिसऱ्यांची एकशिपी

भाईंदर पश्चिमेहून उत्तनकडे जाणारा रस्ता धरला की मुर्धा, राई, मोरवा अशी गावं एकापाठोपाठ येतात. मधे खाजण, तिवरं, मिठागरं. बस पुढे डोंगरीकडे जाते, पण मी भाच्याला घेऊन मोरव्यालाच उतरलो. रस्त्याकडेला एक मावशी पाटीवर तिसऱ्यांचे वाटे लावून बसली होती.

"घे रे बाला, सगल्या जित्या हायेत."

भाचा बारावीला, सायन्सचा. तो वाकून म्हणाला, "मामा, हे बायव्हॉल्व्ह." मावशीनं माझ्याकडे पाहिलं. "काय बोलला तो?" मी म्हटलं, "दोन शिंपांचं म्हणतोय." त्यावर ती म्हणाली, "मंग त्याला कालेजात कशाला जावं लागतं?"

या प्रश्नाचं उत्तर मला तिथे देता आलं नाही. हा लेख त्याच वाट्याचा.

बायव्हॉल्व्ह हा शब्द अख्खा लॅटिन आहे. 'बाय' म्हणजे दोन, आणि 'व्हाल्वा' म्हणजे दाराची फळी. वाड्याच्या दिंडीदरवाजाला दोन फळ्या असतात, त्यातली एक म्हणजे व्हाल्वा. नळाचा व्हॉल्व्ह, हृदयाची झडप, सगळ्यांचं मूळ तेच. म्हणजे ज्या पंडितानं हा शब्द जुळवला त्याला तिसरीत एक बिजागरीचं दार दिसलं, आणि ते खरंही आहे: दोन शिंपांमधे लवचीक बिजागरी असते, आतले स्नायू ओढले की दार मिटतं, स्नायू सैल पडले की बिजागरीच्या ताणानं उघडतं. म्हणून उकळत्या पाण्यात टाकल्यावर तिसरी तोंड उघडते आणि म्हणूनच जी उघडत नाही ती बायका फेकून देतात. एका फळीचा संसार करणारी गोगलगाय ती 'युनिव्हॉल्व्ह'. 'युनि' म्हणजे एक.

आता आमच्या घरातला शब्द पाहा. माझ्या बायकोचं माहेर सारस्वतांचं. तिथे तिसऱ्या करताना एक शिंपी काढून टाकतात आणि मास चिकटलेली दुसरी तेवढी ठेवून नारळाच्या वाटपात शिजवतात. या पदार्थाचं नाव एकशिपी. बायव्हॉल्व्हचा युनिव्हॉल्व्ह करण्याची ही पाककृती. लॅटिनमधे जे 'युनि' करतं तेच काम इथे 'एक' करतं. फरक एवढाच की हा शब्द कुण्या परिभाषा समितीनं केलेला नाही, विळीवर बसलेल्या बाईनं केला आहे.

नावात 'तिसरी' आणि शिंपा मात्र दोन, हा विनोद भाच्यानं तिथल्या तिथे केला. तो त्याला माफ.

इंग्रजीतले संख्येवरून झालेले शास्त्रीय शब्द आपल्याला अवघड वाटतात याचं कारण आपण समजतो तसं इंग्रजी नव्हे. ते इंग्रजांनाही परकेच आहेत. टू, थ्री, फोर हे त्यांचे घरचे आकडे. शास्त्राच्या दारात मात्र ते बाहेर चपला काढाव्यात तसे हे आकडे काढून ठेवतात आणि युनि, बाय, ट्राय, क्वाड्रि, क्विंक्वे, सेप्टि, ऑक्टो असे लॅटिन आकडे घालून आत जातात. त्यातही सोवळं आहे. लॅटिन आकड्यापुढे लॅटिन शब्द, ग्रीक आकड्यापुढे ग्रीक. ग्रीक आकडे वेगळे: मोनो, डाय, टेट्रा, पेंटा. 'ट्राय' दोन्हीकडचा, म्हणून त्याला कुठेही पंगत मिळते. बाकी ठिकाणी हे सोवळं सर्रास मोडलेलं आहे.

मोरव्याच्या मिठागरातच त्याचं उदाहरण आहे. भरतीचं पाणी वाफ्यात घेतात आणि उन्हानं ते घट्ट होत जातं. घट्टपणा बोमे अंशांत मोजतात. साधारण 25 अंशांच्या सुमाराला मीठ खाली बसू लागतं. 29 च्या पुढे पाणी ओतून दिलं नाही तर मीठ कडवट होतं आणि पावसाळ्यात बरणीत ओलं राहतं. दोष मॅग्नेशियमच्या क्लोराइडचा, ते हवेतली ओल ओढून घेतं. सोडियमचा अणू एकाच क्लोरीनशी जोडी जमवतो, मॅग्नेशियमला दोन लागतात. शाळेच्या पुस्तकात याला संयुजा म्हणतात. इंग्रजीत सोडियम 'युनिव्हॅलंट', मॅग्नेशियम 'बायव्हॅलंट', आणि 'व्हॅलंट' लॅटिन असल्यामुळे हे दोन्ही शब्द सोवळ्यातले. पण आजची बरीच पुस्तकं मोनोव्हॅलंट, डायव्हॅलंट लिहितात. ग्रीक डोकं, लॅटिन धड. कुणाचं काही अडलं नाही.

उत्तनच्या बाजारातल्या माशांचीही हीच गत. रावसाचं शास्त्रीय नाव एल्युथेरोनेमा टेट्राडॅक्टिलम. 1804 साली शॉ या प्राणिशास्त्रज्ञानं टेट्राडॅक्टिलम म्हणजे चार बोटांचा असं म्हटलं ते छातीच्या पराखालच्या सुट्या धाग्यांवरून. घोळ म्हणजे डायकॅन्थस, दोन काट्यांची. दोन्ही ग्रीक. कोथाला मात्र लॅटिन लाभलं: ओटोलिथॉइडिस बायॉरिटस, दोन कानांचा. ज्या मासळीवाल्या घोळ आणि कोथ पाण्यातून वर येताच ओळखतात त्यांना काटे मोजावे लागत नाहीत, ही गोष्ट वेगळी.

माप-वजनांत तर फ्रेंचांनी दोन भाषांची कामंच वाटून दिली. 1795 च्या त्यांच्या कायद्यानं मोठं करायचं तर ग्रीक, बारीक करायचं तर लॅटिन असा नियम घातला. किलो, हेक्टो, डेका हे ग्रीक, पटीचे. डेसि, सेंटि, मिलि हे लॅटिन, अंशाचे. खुद्द लॅटिनमधे सेंटम म्हणजे शंभर आणि मिले म्हणजे हजार. शंभरावा भाग हा अर्थ त्या बिचाऱ्यांवर पॅरिसमधे लादला गेला. म्हणून सेंटिमीटर मीटरचा शंभरावा भाग, पण 'सेंटिपीड' या किड्याला मात्र शंभर पाय. एकाच उपसर्गाचे दोन उलटे अर्थ, आणि विद्यार्थ्यानं दोन्ही पाठ करायचे.

सेंटिपीड म्हणजे आपली गोम. आणि यातच गोम आहे. गोमेच्या पायांच्या जोड्या नेहमी विषम संख्येत असतात. शंभर पायांना पन्नास जोड्या लागतील, पन्नास ही सम संख्या, म्हणून नेमके शंभर पाय असलेली गोम निघायची नाही. तिचा एक पाय मोडला तर ती लंगडी होत नाही असं आपण म्हणतो. लॅटिन नाव मात्र पहिल्या पायापासूनच लंगडं. तिचा भाऊबंद 'मिलिपीड', हजार पायांचा. पावसात कोकणातल्या भिंतीवर चढणारा, हात लावताच नाण्यासारखा गुंडाळून बसणारा पैसा तो हाच. पैशाचे पाय हजार असल्याचं कुणी कधी पाहिलं नव्हतं. विक्रम होता 750 चा. पश्चिम ऑस्ट्रेलियात, खाणशोधासाठी पाडलेल्या छिद्रात 60 मीटर खोल, एक फिकट बारीक धाग्यासारखा पैसा सापडल्याचं 2021 साली जाहीर झालं. मोजले तर पाय 1306. त्याचं नाव ठेवलं युमिलिपीस, म्हणजे खरा हजारपायी. नाव आधी आलं, प्राणी नंतर. आपण पाय मोजायच्या भानगडीत पडलो नाही. गुंडाळलेला आकार पाहिला, पैसा म्हटलं आणि मोकळे झालो. मला हे जास्त शास्त्रीय वाटतं.

पैशावरून आठवलं. बातम्यांतल्या बिलियनमधेही हाच 'बाय' बसला आहे. मिलियनचा मिलियनपट, म्हणजे दुसरा घात, म्हणून बिलियन. एकावर बारा शून्यं. इंग्लंडात हाच हिशेब चालत असे. अमेरिकेत मात्र बिलियन म्हणजे एकावर नऊ. 1974 मधे ब्रिटिश सरकारनं अमेरिकेचा आकडा घेतला आणि 'बाय'चा हिशेब तुटला. आपला अब्ज एकावर नऊ शून्यांवर तेव्हाही होता, आताही आहे.

आता आपल्या बाजूचं दुकान. मराठीकडे आकड्यांच्या उपसर्गांचे दोन संच आहेत. एक संस्कृत: द्वि, त्रि, चतुः, पंच, षट्. दुसरा घरचा: दु, ति, चौ. दुपदरी, दुपाखी, तिठा, तिपाई, चौरंग, चौपदरी. (दुर्बिणीला यात घेऊ नका. ती फारसीतून आली, तिच्यातलं 'दूर' म्हणजे लांबचं, दोनशी तिचा संबंध नाही. म्हणून 'द्विनेत्री दुर्बीण' म्हटलं तर पुनरुक्ती होत नाही.) परिभाषा करणाऱ्यांनी बहुतेक वेळा संस्कृत संच उचलला. यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे यांचा शास्त्रीय परिभाषा कोश 1948 सालचा. त्याच सुमारास नागपुरात डॉ. रघुवीर संस्कृतातून अक्षरशः हजारो शब्द घडवत होते. कार्बन डायऑक्साइडला त्यांनी दिलेला शब्द प्रांगार द्विजारेय. मराठी पुस्तकांत कर्बद्विप्राणिल वायू चालत असे. माझ्या वडिलांनी शाळेत तोच पाठ केला, आणि म्हातारपणी खोकला आला तरी ते "कर्बद्विप्राणिल वाढलाय हवेत" म्हणायचे. दोन्ही शब्दांतलं 'द्वि' कळायला अवघड नाही. शब्द बुडाले ते प्रांगार, जारेय, प्राणिल यांच्या वजनानं. आज सगळे कार्बन डायऑक्साइड म्हणतात, आणि जे 'द्वि' कुणालाही कळत होतं त्याच्या जागी ग्रीक 'डाय' बसला.

भूमितीत वेगळी गंमत आहे. इंग्रजीत ट्रायँगल म्हणजे तीन कोन, क्वाड्रिलॅटरल म्हणजे चार बाजू, आणि पाचाला एकदम ग्रीक पेंटागॉन. चारापर्यंत लॅटिन, पुढे ग्रीक, आणि कोन मोजता मोजता मधेच बाजू. मराठीत त्रिकोण, चौकोन, पंचकोन, षटकोन, सगळीकडे कोनच. पण नीट पाहिलंत तर आपणही मधे एकदा घसरलो आहोत. त्रिकोण संस्कृत, पंचकोन संस्कृत आणि मधला चौकोन घरचा! चतुष्कोण पुस्तकात टिकला नाही कारण पोरांच्या तोंडात चौकोन आधीच होता. परिभाषा समिती काहीही ठरवो, घरचा शब्द तयार असला तर तोच चालतो. दु आणि ति यांना शास्त्रात अशी जागा अभावानंच मिळाली. बायव्हॉल्व्हला 'द्विपुट' म्हणण्याऐवजी कुणी 'दुशिंपी' म्हटलं असतं तर मोरव्याच्या मावशीला माझी दुभाषेगिरी लागली नसती.

याच्या उलट, आपला संच सगळ्यात लांब गेला तो रशियात. 1871 मधे मेंडेलेयेवनं मूलद्रव्यांच्या आपल्या कोष्टकातल्या रिकाम्या घरांना नावं दिली तेव्हा लॅटिन किंवा ग्रीक न घेता त्यानं संस्कृत घेतलं. एक-अॅल्युमिनियम, एक-बोरॉन, एक-सिलिकॉन, म्हणजे त्या मूलद्रव्यांच्या एक घर खालचं. 1875 मधे गॅलियम, 1879 मधे स्कँडियम आणि 1886 मधे जर्मेनियम सापडलं तेव्हा या तिघांची बारशी झाली.

पुढे न जन्मलेल्यांची संख्या वाढली. 1978 मधे आंतरराष्ट्रीय रसायनसंघानं तात्पुरत्या नावांची रीत ठरवली. अणुक्रमांकाचा प्रत्येक अंक एका तुकड्यानं सांगायचा: निल, उन, बाय, ट्राय, क्वाड, पेंट, हेक्स, सेप्ट, ऑक्ट, एन. यात सोवळं कुठे गेलं विचाराल तर उत्तर साधं आहे. संज्ञा आद्याक्षरांची असते. पाचाला लॅटिन क्विंक्वे घेतलं तर चाराच्या क्वाडशी टक्कर, सहाला सेक्स घेतलं तर साताच्या सेप्टशी, नवाला नोन घेतलं तर शून्याच्या निलशी. म्हणून पाच, सहा, नऊ ग्रीकांकडून उसने. 118 क्रमांकाचं मूलद्रव्य कितीतरी वर्षं उनउनऑक्टियम होतं, म्हणजे एक-एक-आठ. आपल्याकडे बारशापर्यंत सगळीच मुलं 'बाळ' असतात, तसं. 28 नोव्हेंबर 2016 ला त्याचं नाव ओगानेसन ठेवलं. 119 अजून कुठल्या प्रयोगशाळेत जन्मलेलं नाही. त्याचा पाळणा मात्र बांधून तयार आहे, उनउनएनियम.

मोरव्याहून दोन वाटे घेऊन आम्ही घरी आलो. बायकोनं तिसऱ्या उकळत्या पाण्यात सोडल्या, तोंडं उघडल्यावर एकेक शिंपी काढून बाजूला टाकली. भाच्याची वही टेबलावर उघडी होती. युनिव्हॉल्व्हसमोर त्यानं 'गोगलगाय' लिहिलं होतं. ताट वाढलं गेल्यावर त्यानं वही जवळ ओढली, गोगलगायीपुढे स्वल्पविराम दिला, थोडा थांबला आणि पेन ठेवून जेवायला बसला.